कोड्यातली रिकामी घरं

माघ सरत आला की निपाणीच्या हवेला एक झणका येतो. शेतातला तंबाखू कापून वाळत पडलेला असतो, वखारींची दारं सताड उघडी असतात, आणि तवंदी घाट उतरणाऱ्या बसमध्ये एकेकाला शिंका सुरू होतात. खुद्द निपाणीकर शिंकत नाहीत. त्यांची नाकं केव्हाच सरावलेली. शिंकतो तो पाहुणा. मी इतकी वर्षं येतोय-जातोय, तरी माझं नाक अजून पाहुण्याचंच राहिलंय.

पूर्वी ही शिंक आली की मला बरं वाटायचं. शिंक आली म्हणजे आक्काचं घर आलं. आता शिंक आली की मी खिशातला फोन चाचपतो. यंदाही तसंच झालं. बसमध्ये शेजारच्या माणसानं रुमाल काढून दिला, म्हणाला, 'लई तरास दिसतोय तुमास्नी.' मी म्हटलं, 'तंबाखूचा हो.' आणखी काय सांगणार?

मी स्वभावानंच काळजीखोर. गॅस बंद केला का, कुलूप लागलं का, हे दोनदा बघितल्याशिवाय मला गल्लीचा कोपरा ओलांडवत नाही. बायको म्हणते, 'तुम्हाला काळजी करायला काही मिळालं नाही तर त्याचीच काळजी वाटते.' बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत नकाशे काढण्यात माझी नोकरी गेली. एक रेघ चुकली तर अख्खा साचा वाया जायचा, त्यामुळे ह्या स्वभावाला तिथं किंमत होती. निवृत्त झालो आणि करायचं काय हा प्रश्न पडला, तेव्हा इथल्या एका छोट्या साप्ताहिकाला कोडं द्यायला लागलो. चौकटी आखायला हात सवयीचा होताच.

माझं कोडं उभं-आडवं नसतं. ते नागमोडी असतं. वरच्या कोपऱ्यातून निघतं, कडेपर्यंत जातं, वळतं, परत येतं आणि असं सरपटत सरपटत तळाशी पोचतं. सूत्रं सगळी सामान्यज्ञानाची. गावं, नद्या, धान्यं, जुनी हत्यारं. मेख एवढीच, की एका उत्तराचं शेवटचं अक्षर ज्या घरात, त्याच घरातून पुढचं उत्तर सुरू होतं. काना-मात्रा बदलला तरी चालेल, अक्षर तेच पाहिजे. खानापूर संपतं त्या 'र'वर रायबाग उभं राहतं, रायबागच्या 'ग'वर गोकाक, गोकाकच्या 'क'वर कागल. एक सुटलं की पुढचं अडलं. लोक मला रस्त्यात थांबवून शिव्या घालतात, 'काय हो, मधलं एक येईना, सगळा रविवार खाल्लासा की!' ह्याच्यासारखं सुख नाही.

हे कोडं काही मी शोधून काढलेलं नाही. ते आमच्या शहापूरच्या घरातलं आहे. आमच्याकडे हातमाग होते. मागावरचा ताणा संपत आला, म्हणजे उभे धागे सरत आले, की ते शेवटपर्यंत संपू देत नसत. थोडी टोकं राखून ठेवायची आणि त्या प्रत्येक टोकाला नव्या ताण्याचं टोक पीळ देऊन जोडायचं. मग नवा ताणा जुन्याच्याच मागून फणीतून ओढला जायचा. सगळे धागे पहिल्यापासून ओवत बसायची गरजच पडायची नाही. आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, हाताखाली हे काम आक्का करायची. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी थोरली. पाय दुमडून मागापाशी बसायची, बोटांना राख लावायची, आणि चिमटीत दोन टोकं धरून असा पीळ मारायची की बघणाऱ्याला गाठ कुठली ते कळू नये. कामाचा कंटाळा यायला लागला की म्हणायची, 'बाळू, शब्द टाक.' मी म्हणायचो, 'वांगं.' ती म्हणायची, 'गहू.' मी, 'हुलगा.' ती, 'गाढव, म्हंजे तू.' असं ताणा संपेपर्यंत चालायचं. आप्पा मागावरून ओरडायचे, 'तोंड चालतंय तेवढा हात चालू दे की गं!' तिचे दोन्ही चालायचे.

लग्न होऊन ती निपाणीला गेली. दाजी तंबाखूच्या वखारीत होते. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आक्का मुलगा आणि सून शोभा यांच्याजवळ राहते. साप्ताहिकात माझं कोडं सुरू झालं तशी ती माझी पहिली गिऱ्हाईक झाली. रविवारी सकाळी माझा चहा निवायच्या आत फोन वाजायचा. 'झालं रं तुझं. ह्ये काय कोडं म्हणायचं? पुढच्या बारीला जरा दमदार घाल.' मग शोभा भरलेल्या कोड्याचा फोटो मोबाईलवर पाठवायची. निळ्या पेनानं भरलेली घरं, अक्षरं जरा थरथरती, पण एकही घर मोकळं नाही. तो फोटो बघितला की माझा आठवडा सुरळीत जायचा. हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

मग तो हंगाम आला. अशीच माघाची अखेर होती, उसाचे ट्रॅक्टर हायवेवर गाणी लावून चालले होते, आणि रविवारी फोन आला नाही. दुपारी मीच केला. 'चष्मा गावंना,' आक्का म्हणाली. संध्याकाळी फोटो आला. खानापूर होतं. रायबाग होतं. मग मधलं एक घर मोकळं, आणि त्यापुढे कागल. धबधब्याच्या गावाचं नाव तिनं सोडून दिलं होतं.

आता गोकाक कुणी विसरेल. मीही विसरेन एखाद्या वेळी. पण आक्का? लग्नानंतर दाजींनी तिला पहिल्यांदा कुठं फिरायला नेलं असेल तर गोकाकला. तिथल्या झुलत्या पुलावर ती मधोमध जाऊन रडायला लागली आणि दाजींना भर माणसांत तिचा हात धरून तिला आणावं लागलं, ही गोष्ट तिनं आम्हाला इतक्यांदा सांगितलीय की पोरंसोरं तिच्याआधी शेवट सांगतात. आणि त्या गावाचं घर मोकळं. मी फोटो मोठा करकरून बघितला. पेन टेकवल्याची खूण तरी असेल, खोडलं तरी असेल. काही नव्हतं. कोरं करकरीत घर.

'वय झालंय त्यांचं,' बायको म्हणाली. 'एक शब्द आठवला नाही तर एवढं काय?' बरोबर होतं तिचं. मलाही ते पटलं, आणि मी जेवलो, आणि आडवा झालो, आणि मग उठून परत फोटो बघितला.

त्यानंतर मी जे सुरू केलं त्याला खुळेपणाच म्हणायला हवं. मी कोड्यात आमच्या घरातली सूत्रं घालायला लागलो. गावांच्या आणि नद्यांच्या मधे एखादंच, गुपचूप. 'मागाखाली व्यालेली मांजर.' 'मागच्या दारचं झाड, विजेनं जळालेलं.' म्हटलं, हे तिला आलं तर चिंता नाही. रविवारी मी दाढी न करता वाट बघायचो. फोटो यायचा. तळाशी, मांजरीच्या घरांत ठळक लिहिलेलं, सगुणी. माझा जीव भांड्यात पडायचा. आणि तिथंच दोन ओळी वर एका ओळखीच्या नदीची मधली घरं मोकळी दिसायची, की परत जीव वर.

संपादकांचा फोन आला. बिचारे फार अदबीनं बोलले. 'सर, मागाखाली व्यालेल्या मांजरीचं नाव वाचकांनी कसं ओळखायचं?' मी म्हटलं, 'प्रयत्न करायला काय हरकत आहे?' ते म्हणाले, 'चिकोडीच्या एका वाचकांनी कळवलंय, आमच्याकडं माग बी न्हाई आणि मांजर बी न्हाई.' मी पुढच्या वेळी काळजी घेतो म्हणालो. घेतली नाही. मला त्या चिकोडीच्या वाचकाचं काहीएक पडलेलं नव्हतं. मला एकाच माणसाचा फोटो हवा होता.

त्याच भरात एकदा मी अगदी सोपं कोडं केलं. पहिलंच सूत्र टाकलं, 'थोरल्या बहिणीला मारायची हाक, दोन अक्षरं.' म्हटलं, ह्यात चुकायला जागाच नाही. हे म्हणजे आरशात बघून आपलं नाव सांगण्यासारखं. आक्का म्हणून तिला मी हाक मारतो, सगळी गल्ली मारायची, निपाणीच्या बाजारातले भाजीवालेसुद्धा मारतात. रविवारी फोटो आला. पहिल्या दोन घरांत लिहिलं होतं, ताई. आणि त्याच्याखाली काही नाही. अख्खं कोडं तळापर्यंत मोकळं.

मी शर्ट उलटा घालून निघालो होतो, बायकोनं दारात थांबवून सुलटा करायला लावला. बसमध्ये माझ्या डोक्यात काय काय आलं ते विचारू नका. संकेश्वर आलं तसं मी मनातल्या मनात घरी कुणाकुणाला कळवायचं ते ठरवत होतो. आपलं स्वतःचं नाव गेलं तर माणसाचं मागं राहतं काय? घाटात कंडक्टरनं तिकीट मागितलं, मी त्याला दुसऱ्यांदा पैसे द्यायला लागलो. 'अहो काढलंय की तुमी,' तो म्हणाला, 'मी आपलं बघायला मागालोय.' माझंच डोकं तपासून घ्यायची वेळ होती.

आक्का दारात लसूण सोलत बसली होती. मला बघून तिचं तोंड फुललं. 'अगाई! आज कुणीकडनं सूर्य उगवला? कशापायी आलास रं एवढ्या तातडीनं?'

मी टेकलोसुद्धा नाही. 'आक्का, तू ताई काय म्हणून लिहिलंस?'

'मग काय लिवायचं?'

'अगं, आक्का लिहायचं! तुला आम्ही काय म्हणतो?'

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि असली हसली की सुपातला लसूण खाली सांडला. 'येडा का खुळा रं तू? पेपरात कोण आक्का छापतंय व्हय? आक्का घरात. पेपरात ताईच असती! मी आपली शाण्यागत ताई लिवली, मग पुढं 'ई'चं काय येईना. म्हटलं बाळ्याचंच कोडं चुकलंय, दिलं सोडून.'

मी मटकन खाली बसलो आणि हसायला लागलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. किती बरोबर होतं! आम्ही सीमेवरची माणसं. आमची बोली घरात, बाजारात, देवळात. छापलं जातं ते दुसरीकडचं, असं आम्ही लहानपणीच मनाशी पक्कं केलेलं. शाळेत पाटीवर 'न्हाय' लिहिलं की छडी बसायची. आक्का काही विसरली नव्हती. उलट जास्तीचं लक्षात ठेवून बसली होती. शोभानं चहा आणला. आयुष्यात इतका गोड चहा मी प्यालो नाही.

बशी खाली ठेवत आक्कानं मायेनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. 'मग? कशापायी आलास रं एवढ्या तातडीनं?'

मला वाटलं, चिडवतेय. म्हटलं, 'अगं, तेच की, ताईचं.'

'कसली ताई?'

'तू कोड्यात ताई लिहिलंस ना.'

'मग काय लिवायचं? येडा का खुळा रं तू? पेपरात कोण आक्का छापतंय व्हय? आक्का घरात. पेपरात ताईच असती!' आणि ती हसली. तसंच, तितकंच, मान तशीच मागं टाकून. पहिल्यांदाच सुचल्यासारखं.

मी पण हसलो. हसावंच लागलं. मग ती गावातल्या जत्रेचं काही बोलली, शोभाला भाकरीचं विचारलं, पदरानं तोंड पुसलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, 'आज कुणीकडनं सूर्य उगवला? कशापायी आलास रं एवढ्या तातडीनं?' शोभा आतल्या दाराला टेकून उभी होती. तिनं मान खाली घातली. मला तेव्हा समजलं की हे तिला रोजचं आहे, आणि सांगायचं कुणाला म्हणून ती गप्प राहिलीय. तिसऱ्यांदा मला हसू आलं नाही. मी म्हणालो, 'तुला भेटायलाच आलो, आक्का.'

बेळगावात एका डॉक्टरांना दाखवलं. ते शांत माणूस. त्यांनी आधी कन्नडमध्ये विचारलं, मग मराठीत. आज वार कोणता, महिना कोणता, ह्या कागदावर घड्याळ काढा. दोन्ही भाषांपुढं आक्कानं सारखीच मान हलवली. तिच्या हातातलं पेन घड्याळाच्या गोलाभोवती फिरत राहिलं, आकडे सगळे एका बाजूला गोळा झाले. मी शेजारी बसून मनातल्या मनात तिला उत्तरं सांगत होतो. मंगळवार. मंगळवार म्हण की गं. शेवटी डॉक्टरांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, 'हे कोण?'

आक्का एकदम ताठ झाली. 'ह्यो व्हय? ह्यो आमचा बाळू. कोडी घालतो. ते वार-बिर त्येलाच इचारा, त्येला सगळं ठावं असतंय.'

डॉक्टर हसले. मला हसावं की रडावं ते कळेना.

बाहेर बाकावर औषधांची वाट बघत आम्ही बसलो. समोरून माणसं जात-येत होती. आक्का हळूच म्हणाली, 'तू मला किती दिवस तपासालास, मला कळत न्हाय व्हय रं? सगुणीचं पेपरात दुसरं कोण इचारंल?' मी औषधांची चिठ्ठी उलटीसुलटी करत राहिलो. ती म्हणाली, 'मला लई भ्या वाटतंय बाळू. शब्द दिसतोय रं. हितं, डोळ्याम्होरं. हात लावायला गेलं की न्हाय.' मग माझी बाही धरून, 'उद्या तुझंच नाव गेलं तर?'

'मी सांगीन की,' मी म्हणालो. 'रोज सांगीन.'

'सांग हं,' ती म्हणाली.

तेव्हापासून हा हंगाम माझ्या अंगात शिरून बसलाय. कोडं मी अजून देतो. मांजर आणि जळालेलं झाड त्यात नसतं. संपादक खूश आहेत, चिकोडीचे वाचकही असतील. घरं आखतो, एकाला एक जोडत जातो, आणि मधेच हात थांबतो. एवढ्याशा अक्षराच्या भरवशावर आपण पुढच्या शब्दावर पाऊल टाकतो, आणि तेवढंच सुटलं तर? माझ्या हातूनही अलीकडे चष्मा कुठंतरी राहतो. शेजाऱ्याच्या जावयाचं नाव परवा जिभेवर आलंच नाही. मी दिवसभर ते शोधत बसलो, आणि सापडलं तेव्हा कुलपाची किल्ली मिळाल्यासारखं ते दोन-चार वेळा मोठ्यानं म्हटलं.

आक्का आता कोडं सोडवत नाही. रविवारचा फोन मात्र आहे. तो मी करतो, शोभा तिच्या कानाला धरते. मी प्रश्न विचारणं कधीच सोडून दिलंय. प्रश्न विचारला की ती घाबरते, तिचा श्वास वाढलेला फोनवर ऐकू येतो. म्हणून मी उत्तरंच सांगतो. नुसता शब्द टाकतो आणि गप्प राहतो. कधी काही होत नाही. कधी तो शब्द कुठंतरी जाऊन लागतो. एकदा 'जोंधळा' म्हणालो तर तिनं हुरड्याचं अख्खं शेत बोलून दाखवलं, चटणीसकट. 'गोकाक' म्हणालो तर म्हणाली, 'असंल बाबा.'

परवाच्या रविवारी मी फोन केला. नव्या कोड्यात 'ल'चं एक गाव हवं होतं, ते घातलेलं. म्हणालो, 'लोंढा.'

पलीकडे नुसती भांडी वाजत होती. मला वाटलं, शोभानं फोन ठेवला. मग आक्काचा आवाज आला, घाईघाईचा, वेगळाच. 'लोंढ्याला आमी उतरलोता. गोव्याला लगीन होतं. गाडी लई येळ थांबती तितं, इंजिन बदलत्यात. आन् आमचा धाकटा कुठं गेला कुणाला ठावं. मी सगळा फलाट पालथा घातला. आई रडालीया. माणसं लई हो, माणसं लई.'

खरं होतं ते. मी पाच-सहा वर्षांचा होतो, शेंगा विकणाऱ्या बाईजवळ जाऊन बसलो होतो. आक्कानंच मला शोधून काढलं, आधी एक थोबाडीत दिली आणि मग कडेवर घेतलं. मी तेच सांगायला तोंड उघडलं.

तेवढ्यात ती म्हणाली, 'तुमी स्टेशनातलं हाय का?'

तुमी. उभ्या आयुष्यात आक्कानं मला तुमी म्हटलं नव्हतं. रोज सांगीन म्हणालो होतो ते नाव माझ्या जिभेवर आलं होतं. मागं शोभा सासूला सांगत होती, 'आत्या, बाळूमामा हायत ते, बाळूमामा.' आक्का तिचं ऐकत नव्हती. फोनवर तिचा श्वास वाढत चालला होता.

'सांगा की हो,' ती म्हणाली. 'गावला का त्यो?'

'गावला, आक्का,' मी म्हणालो. 'हितंच हाय. माझ्याजवळ बसलाय.'

'बरं झालं बाई,' ती म्हणाली. मग आवाज एकदम खाली आणून, कुणी ऐकू नये अशा बेतानं, 'त्येला मारू नगासा. ल्हान हाय त्यो अजून, घाबरला असंल.'